पुणे ते कुंदगोळ सायकलवर, पेटी घेऊन: अनोळखी घरी मुक्काम मागायचा कसा?

वारजेकर_मी

नमस्कार मंडळी. मी २७ वर्षांची, वारज्यात राहते, आठ वर्षं पेटी शिकतेय. डिसेंबरात नोकरी बदलतेय, मध्ये तीन आठवडे मोकळे आहेत. सवाई गंधर्व महोत्सव आटोपला की सायकलने निघून कुंदगोळपर्यंत जायचं डोक्यात घेतलंय. सातारा, कराड, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, कुंदगोळ. दरवर्षी ज्यांच्या नावाच्या महोत्सवाला रांग लावते त्यांचं गाव अजून पाहिलेलं नाही, एवढंच कारण.

सायकलची तयारी बरी आहे. आठवड्यातून दोनदा सिंहगडाचा पायथा होतो, खंबाटकी एकदा चढून झालाय. अडलंय ते दोन गोष्टींवर. पेटी न्यावी का? आणि मुक्काम. प्रत्येक रात्री लॉज परवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर तसं करायचंही नाही. पण कुणाच्या दारात उभं राहून 'आजची रात्र राहू का' विचारायची कल्पना केली तरी कानशिलं तापतात. आई म्हणते, गाणं-बजावणं करत दारोदार हिंडण्याला आपल्याकडे एक शब्द आहे. मी असं ठरवलंय की जिथे राहीन तिथे रात्री अर्धा तास वाजवायचं. म्हणजे फुकटचं खाल्लं असं होणार नाही. कुणी असं केलंय का?

स्पष्टवक्ता_३०

लॉज करा. गावातल्या माणसाला सकाळी पाचला धार काढायची असते, त्याच्या घरात रात्री नऊला तुमची मैफल कशाला? तुमच्या हौसेचा खर्च त्याच्या डाळ-तांदळातून का? पैसे नसतील तर साताऱ्यापर्यंत जाऊन एसटीने परत या. सायकल टपावर टाकतात.

पेटीमास्तर

लॉजचा सल्ला निम्मा बरोबर आहे. निम्म्या रात्री मीही लॉजवरच काढल्या. उरलेल्या निम्म्यांबद्दल लिहितो, जरा लांबेल.

मी शनिवार पेठेत राहतो आणि पेटीची साथ करून पोट भरतो. भजन, नाट्यसंगीत, कुणाच्या एकसष्टीची मैफल, येईल ते. २०१८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हाच रस्ता केला. मिरजेच्या फेऱ्यासकट पाचशे किलोमीटरच्या आसपास, बारा दिवस. रमणबागेत सवाई ऐकत मोठा झालो, त्यामुळे कुंदगोळ का हे मला समजावून सांगू नका.

आधी पेटी. नेऊ नका. मी नेली. वाण्याच्या काट्यावर साडेनऊ किलो भरली. कॅरिअरवर खाली स्पंज, वर गोधडीत गुंडाळलेली पेटी, आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी ताणून बांधलेली. कात्रजच्या जुन्या घाटात वाटलं, जमलं की. शिरवळला चहाला थांबलो, सहज भाता हलवून पाहिला, तर मंद्रातला पंचम न दाबता वाजायला लागला. हादऱ्यांनी आतली स्प्रिंग सरकली होती. मग खंबाटकी चढताना मागे पेटी हूं करतेय असा भास मला वरपर्यंत होत राहिला. (भाता बांधलेला, वाजणं शक्यच नाही. तरी.) साताऱ्यात लॉजच्या पलंगावर पेटी उघडली, स्प्रिंग जागेवर बसवली. आणखी एक सूर धुळीने मुका झाला होता, त्याच्याखालून वहीच्या कागदाची पट्टी सरकवली तेव्हा बोलला.

आता माणसं. कराड सोडलं आणि पेठ नाक्याच्या अलीकडे मागच्या चाकाची तार तुटली. दोन किलोमीटर गेलो तर दुसरी. दोन्ही फ्रीव्हीलच्या बाजूच्या, पेटीची कृपा. चाक असं आउट झालं की ब्रेकला घासायला लागलं. लिंबाखाली एक म्हातारा पंक्चर काढत बसला होता. गिअरच्या सायकलचं फ्रीव्हील उघडायचं अवजार त्याच्याकडे नव्हतं, आणि ते उघडल्याशिवाय हबच्या भोकातून नवी तार ओवता येत नाही. मी मनात टेम्पोचं भाडं मोजायला लागलो. त्याने दोन लांब तारा घेतल्या, पकडीने डोकी उडवली, टोकांना दुहेरी वळण दिलं, इंग्रजी झेडसारखं, आणि ती टोकं फ्रीव्हील जागेवर असतानाच भोकात अडकवली. मग चाक फिरवत, एक डोळा बारीक करून, एकेक तार आवळत आउट काढला. पाऊण तास गेला. म्हणाला, 'तीस द्या.' मी शंभर पुढे केले, त्याने सत्तर परत केले. 'मिरजेत नीट बशिवून घ्या. हे आपलं पोचण्यापुरतं.' त्या तारा कुंदगोळपर्यंत टिकल्या.

हे मुद्दाम सांगतोय. मदत म्हणजे फुकट, असं तुम्ही धरून चाललाय. त्याने कामाचे पैसे घेतले, नेमके घेतले.

त्याच संध्याकाळी आष्ट्याच्या अलीकडे अंधार पडला. कारखान्यांचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही. पुढे जाणं वेडेपणाचं होतं. जवळच्या एका देवस्थानाच्या भक्तनिवासात विचारलं. एकट्या माणसाला खोली देत नाही म्हणाले. खोल्या रिकाम्या, मी एकटा, नियम तो नियम. पायरीवर चपला घालत होतो तर दर्शनाला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं, 'त्या गाठोड्यात काय हाय?' पेटी म्हटल्यावर म्हणाला, 'चला घरी.'

आता तुमच्या अर्ध्या तासाविषयी. माझाही हाच बेत होता. जेवायचं, वाजवायचं, फिटंफाट. भाकरी, मेथीची भाजी, वर पेलाभर दूध झालं. हात धुऊन मी गोधडीची गाठ सोडायला बसलो, तेवढ्यात मालकीणबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, 'दादा, तेवढं वाजवू नका. पोराची बारावी हाय.' आतल्या खोलीत पोरगं पुस्तकात डोकं घालून बसलेलं, पेपर तोंडावर आलेले. बांधली गाठ परत. माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट, तीच त्यांना नको होती, आणि तरी मला त्यांनी ठेवून घेतलं होतं. त्या रात्री मला झोप लागेना. देणं अंगावर राहिल्यासारखं वाटत होतं. सकाळी पोरगं बाहेर आलं, गिअर किती विचारलं, आणि अंगणातून सायकल काढून गल्लीत तीन चकरा मारून आलं. त्याची आई ओरडली, 'आता अभ्यास कोण करणार?' निघालो.

मिरज सोडून कागवाडकडे जाताना भर दुपारी पंक्चर. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या, बीडकडची टोळी. पाण्याची घागर दाखवली, चहा टाकला. पेटी दिसल्यावर एक जण म्हणाला, 'द्या की इकडं.' गावच्या भजनी मंडळात तोच वाजवायचा, दिवाळीपासून पेटीला हात लागला नव्हता. हाताला कोयत्याचे घट्टे. काळी चारला सूर धरला आणि असा काही उघड्या गळ्याने अभंग घेतला की कोप्यांतून बायका बाहेर येऊन बसल्या. बोटं तीनच चालत होती, पण लय पक्की. तासभर मी टाळ्या धरल्या. मी पेटी वाजवतो हे त्यांना ठाऊक होतं, पण वाजवा असं कुणी म्हटलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

बारा दिवसांत लोकांच्या घरी नीट असं मी दोनदा वाजवलं. तेव्हा अर्ध्या तासाचा हिशेब पुण्यातच सोडून जा. कुणी म्हटलं तर वाजवा, मनापासून वाजवा.

आणि मुक्काम मागू नका. पाणी मागा. पाणी प्यायल्यावर 'कुठून आलात' हे समोरचाच विचारतो. त्यापुढे चौकशी थांबली तर तुम्हीही थांबायचं, बाटली भरून पुढच्या गावी जायचं. चिकोडीच्या पुढे मराठी हळूहळू पातळ होतं, पण धारवाडकडे दारातूनच 'ऊट आतेन्री?' ऐकू आलं की समजा, जेवण झालं का विचारतायत. खरं उत्तर द्या. मी सवयीने 'हो झालं' म्हणालो आणि उपाशी झोपलो, असला पुणेरीपणा करू नका.

कुंदगोळचं लिहीत नाही. जिथे जुन्या काळापासून मैफली होतात तो नाडगीर वाडा शोधा, ओसरीवर बसा.

घाटमाथा

बाई म्हणून दोन गोष्टी जोडते, मी बेळगावपर्यंत एकटी गेलेय. मास्तरांना रात्री सातला पायरीवरून कुणी घरी नेलं, ते तुम्ही करायचं नाही. साडेचारला थांबायचं, उजेडात गाव बघायचं. जिथे अंगणात बाई काम करतेय तिथेच पाणी मागायचं. मला सर्वांत चांगलं उतरवून घेतलं ते एका अंगणवाडी सेविकेने. तिने आधी माझं आधारकार्ड पाहिलं, मग नवऱ्याला सांगितलं. घरी फोन करून त्या बाईंशी आईचं बोलणं करून द्यायचं. दोन आया बोलल्या की निम्मी काळजी मिटते. कर्नाटकात लिंगायत मठांत दासोह असतो, जेवणाला कुणी नाही म्हणत नाही. आणि आज कुठे आहे ते फोटो दुसऱ्या दिवशी टाकायचे, त्याच रात्री नाही.

मिरजकर

आमच्या गावाचा उल्लेख नुसता तारा बसवण्यापुरता आला म्हणून लिहितोय. मिरजेत अर्धा दिवस ठेवा. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत टांगलेले दिसतील, जव्हारीचं (तारांखालची घोडी घासून झणकार आणण्याचं) काम चालू असेल तर बाजूला उभं राहून ऐका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दर्ग्यात जा, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथे आहे. सवाई गंधर्वांचे गुरू तेच, म्हणजे तुमच्या वाटेवरचंच ठिकाण. खाँसाहेब गेले तेसुद्धा प्रवासात, १९३७ साली, दक्षिणेतल्या एका रेल्वे स्टेशनवर.

पेटीचं म्हणाल तर न्यायची गरजच नाही. वाटेतल्या बहुतेक गावांत विठ्ठलाच्या नाहीतर मारुतीच्या देवळात भजनी मंडळाची पेटी असते, आणि तिचे दोन-तीन सूर हमखास बसलेले असतात. बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि कागदाच्या पट्ट्या न्या. पेटीचा सूर लावून देणारी मुलगी कुठल्याही गावाला हवीच असते.

आणि स्पष्टवक्ते, १९३३ साली अकरा वर्षांचा एक मुलगा गुरू शोधायला गदगहून घर सोडून निघाला होता. आगगाडीतल्या अनोळखी माणसांनी पैसे दिले म्हणून पुढे जाऊ शकला. त्याला कुणी 'लॉज कर' म्हटलं असतं तर तुम्ही डिसेंबरात कुणाचं नाव घेऊन कानाला हात लावला असता?

स्पष्टवक्ता_३०

भीमसेन एक झाला. त्याच गाड्यांतून निघालेली बाकीची पोरं आठवडाभरात घरी परत आली असतील, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. पण स्क्रू ड्रायव्हरची कल्पना चांगली आहे, हे मान्य. नुसतं येऊन बसण्यापेक्षा काहीतरी काम करा.

वारजेकर_मी

सगळ्यांचे आभार. पेटी घरी राहणार. बोहरी आळीतून बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणला, आणि आमच्या क्लासमधली सर्वांत जुनी पेटी उघडून सरांच्या देखरेखीखाली दोन सूर साफ केले. एक लागला. दुसरा माझ्या हाताने आणखी बिघडला, सर काही बोलले नाहीत, नुसता चहा मागवला.

मास्तरकाका, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती दारोदारचा शब्द परत उच्चारली नाही, पण साडेचारच्या नियमावर माझ्याकडून तीनदा हो म्हणवून घेतलं. तिचा एक प्रश्न आहे, तुम्हालाच विचार म्हणाली: त्या मुलाला बारावीला किती पडले?

पेटीमास्तर

अडुसष्ट टक्के. त्याच्या वडिलांनी जूनमध्ये फोन करून कळवलं. फिजिक्सने घोटाळा केला म्हणाले. आईंना सांगा, त्यात माझा दोष नाही, मी वाजवलं नव्हतं.