स्टुअर्ट कोपलंड ऐकायला सुरुवात कुठून करावी? (लेक तबल्यावरून ड्रम्सवर गेलाय)

आई_सोळामात्रा:
नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे, सहा वर्षं तबला शिकला आणि आता डोक्यात ड्रम्सचं खूळ शिरलंय. क्लासचे सर म्हणाले आधी 'द पोलीस' या बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड ऐक, बाकीचं नंतर. पण याला मेटल आवडतं, म्हणतो हे काय टिकटिक वाजवतात. मी स्वतः त्यांचं फक्त 'एव्हरी ब्रेथ यू टेक' ऐकलंय आणि त्यात ड्रम्स अगदीच साधे वाटले. नेमकं काय ऐकवू? आणि तबल्याचा काही उपयोग होतो का, की परत श्रीगणेशा?

जुना_कॅसेटवाला:
ताई त्या गाण्यापासून अजिबात सुरू करू नका, तिथे गडी बांधून घातल्यासारखा वाजवतो. त्यांचा १९७९ चा अल्बम 'रेगाटा द ब्लांक' लावा, पहिलंच गाणं 'मेसेज इन अ बॉटल', हेडफोन घालून, गाणारा विसरायचा, गिटार विसरायची, फक्त हाय-हॅटकडे कान. एकच झांजेची जोडी पण दर दोन ओळींनी काहीतरी वेगळं बोलते. माझी कॅसेट टेपने गिळली तोवर मी तेवढंच ऐकत होतो. बाय द वे, ही मंडळी १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेलीत. मी तेव्हा तिसरीत होतो, त्यामुळे 'मी होतो तिथे' म्हणता येत नाही, पण म्हणणारे बरेच भेटलेत.

खाली_भरी:
तबल्याचा उपयोग? अहो तुमचा मुलगा पुढेच आहे. रॉकमध्ये पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) धाडकन पडते. या बँडने जवळ केलेल्या जमैकाच्या रेगे संगीतात 'वन ड्रॉप' ठेका असतो, त्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि सगळं वजन तिसरीवर. म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा) आहे पण वाजत नाही! आपल्या रूपक तालाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देता, येते ना, त्याची सवय असलेल्याला हे पटकन कळतं, नुसता रॉक ऐकलेला मात्र गडबडतो. कोपलंड अमेरिकन, पण बाप सीआयएत असल्यामुळे लहानपण कैरो आणि बैरुतमध्ये गेलं. अरबी ठेके कानात होते म्हणून रेगे परकं वाटलं नाही असं तो स्वतः सांगतो. पोराला १९८१ चं 'स्पिरिट्स इन द मटेरियल वर्ल्ड' लावून द्या आणि म्हणावं सम शोधून दाखव. मला दोन दिवस लागले होते 😅

डबलबास_झिंदाबाद:
सगळं मान्य, पण हा माणूस लाइव्हमध्ये पळतो की राव. लय चढतच जाते. तबल्याच्या गुरुजींनी हात लाल केले असते.

जुना_कॅसेटवाला:
पळतो, शंभर टक्के पळतो 😄 पण तो पंकवाला (वेगवान, आडदांड रॉक) आहे ना बाबा. १९७७ च्या लंडनमध्ये बँड उभा राहिला, पहिलं सिंगल 'फॉल आउट' कोपलंडनेच लिहिलेलं, आणि तेव्हा तिकडे संथ वाजवणाऱ्याला कोण विचारत होतं. ताई, मेटलवाल्या पोराला 'सो लोनली' ऐकवा. कडवं रेगे, मोकळं मोकळं, आणि धृपद आलं की भिंत कोसळल्यासारखा पंक. एकाच गाण्यात दोन्ही, त्याचा 'टिकटिक'वाला राग तिथेच उतरेल.

किट_भाड्याने:
एक धोक्याची सूचना. 'वॉकिंग ऑन द मून' ऐकून मी ते सगळे ठोके हाताने वाजवायला गेलो आणि मनगट धरलं. नंतर कळलं त्यातले बरेच टेप इकोचे आहेत, तो एक वाजवतो आणि मशीन उत्तर देतं. शिवाय माणूस डावखुरा, किट मात्र उजव्याचं. तेव्हा कॉपी करायला जाऊ नका, आधी नुसतं ऐका.

बंगळुरू_मराठी:
आमच्या इथल्या संगीतकार रिकी केजबरोबर 'डिव्हाइन टाइड्स' हा अल्बम केलाय कोपलंडने, २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाला. शांत आहे, ड्रम्ससाठी ऐकायचं तर मागे ठेवा, आईबाबांना आवडेल.

आई_सोळामात्रा:
सगळ्यांचे आभार. काल 'स्पिरिट्स' लावलं. आधी म्हणाला सोप्पंय, मग तीनदा टाळी चुकली, मग चिडून मोबाईल घेऊन खोलीत गेला आणि रात्री साडेअकराला बाहेर येऊन म्हणाला 'आई, गिटार फसवते, ड्रम्स बरोबर आहेत'. बरोबर आहे का हे? मला काही कळलं नाही. आणि आता त्याला ती छोटी स्प्लॅश झांज हवीय. ८ इंची घेऊ की १०?

खाली_भरी:
बरोबर आहे!! ८ घ्या. पण आधी प्रॅक्टिस पॅड (कमी आवाजाचा, सरावाचा) घ्या, खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघून.