मदत हवी आहे: शत्रूची फौज पैसे देऊन फोडावी की सरळ लढावं? (मेडीव्हल २: टोटल वॉर)

मंडळी, २००६ चा मूळ संगणक खेळ आहे, कुठलाही मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) लावलेला नाही. मिलान घेऊन खेळतोय. आल्प्सच्या पायथ्याशी माझा एक किल्ला आहे आणि फ्रान्सच्या दोन फौजा त्याच्या रोखाने येत आहेत. एक मोठी, तिच्यावर नामांकित सरदार. दुसरी जेमतेम अर्धी, तिच्यावर नुसता कप्तान. माझं मुख्य सैन्य पूर्वेला व्हेनिसशी अडकलंय. किल्ल्यात भालाईत आणि क्रॉसबोवाले आहेत, पण घोडदळ नावापुरतं.

खजिना बरा भरलाय आणि वकीलही (म्हणजे राजदूत) जवळच उभा आहे. त्यात पोपचा खलिता आलाय: फ्रान्सवर हल्ले थांबवा, नाहीतर बहिष्कृत करू. म्हणून वाटतं, दोन्ही फौजा फितवाव्यात. पण मोठ्या फौजेसाठी इतके फ्लोरिन (खेळातलं चलन) जातील की त्यात नवी फौज उभी राहील. शिवाय विकत घेतलेला विजय मला थोडा बेचव लागतो, ते वेगळं. तुम्ही काय कराल?

प्रतिसाद १

मोठ्या फौजेचा नाद सोडा. आधी हेर पाठवून त्या सरदाराची निष्ठा बघा. निष्ठावान असेल तर वकील कितीही मुरलेला असो, पैसा जाईल किंवा नकार येईल. कप्तानाची फौज मात्र स्वस्तात फुटते. ती आजच फोडा, म्हणजे दोघांना एकत्र येता येणार नाही.

उरलेल्या फौजेला वेढा घालू द्या. हल्ला त्यांनी केला तर पोपचा ठपका तुमच्यावर येत नाही, तुम्ही फक्त स्वतःहून चाल करू नका. तटावर क्रॉसबो आणि दरवाजामागे भाले, एवढ्यावर खेळातला संगणक नेहमी फसतो. सगळे एकाच दरवाजावर गर्दी करतात.

आणि लढाईत पैसा फक्त जात नाही, येतोही. कैदी पकडले की खंडणी मागता येते. सोडून दिले तर तुमच्या सरदाराची शिव्हलरी (उदार योद्धा म्हणून कीर्ती) वाढते, मारले तर दहशत. वकिलाने मिटवलेल्या प्रकरणात तुमचा सरदार किल्ल्यात बसून काहीच शिकत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी बऱ्यापैकी सहमत, पण पैसे देणं कमीपणाचं मानू नका. १४७५ मध्ये इंग्लंडचा चौथा एडवर्ड मोठी फौज घेऊन फ्रान्समध्ये उतरला. अकराव्या लुईने पिकिन्यीच्या तहात ७५,००० क्राउन रोख आणि वर्षाला ५०,००० क्राउन कबूल केले, आणि इंग्रज न लढता परतले. उलट उदाहरणही आहे. इंग्लंडने डॅनिश हल्लेखोरांना ९९१ मध्ये १०,००० पौंड चांदी दिली, ९९४ मध्ये १६,०००, आणि १०१२ पर्यंत आकडा ४८,००० वर गेला. पैसे मिळतात म्हटल्यावर ते पुन्हा पुन्हा आले.

खेळात फोडलेली फौज परत येत नाही, एवढं बरं. पण फ्रान्सची शहरं आणि उत्पन्न शाबूत असतं, थोड्या फेऱ्यांत दुसरी फौज दिसेल. म्हणून लाच द्यायची ती वेळ विकत घेण्यासाठी. तुमचं सैन्य पूर्वेकडून परत येणार असेल तरच त्या वेळेचा उपयोग. येणार आहे का?

मूळ लेखक

येईल, पण व्हेनिसशी तह झाला तर. त्यांना एखादा प्रांत देऊन टाकावा का, यावर आता डोकं चालवतोय. कप्तानाची फौज फोडून टाकली, अपेक्षेपेक्षा बरीच स्वस्तात. मोठी फौज पुढच्या फेरीत किल्ल्याला भिडेल. एक शंका राहिली: किल्ल्यात सरदार नाही, कप्तानच आहे. मग फ्रान्सचा वकील माझीच शिबंदी फोडेल का? त्यावर काही उपाय असेल तर सांगा.