टेबलावरचा चष्मा आणि वाचकाची बाजू

पानखूण (प्रश्न):

गेल्या आठवड्यात एक कादंबरी वाचून संपवली. तिच्यातील एका प्रसंगाने माझी जी अवस्था केली, तिच्याविषयी जाणत्या वाचकांशी बोलावे असे वाटले म्हणून हा धागा काढत आहे. कादंबरीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याने ती वाचू इच्छिणाऱ्यांचा रसभंग होईल.

निवेदन प्रथमपुरुषी आहे. निवेदक एकटा राहणारा, नेमस्त, कुणालाही आवडावा असा वयस्क गृहस्थ असून त्याने घरी आलेल्या एका पाहुण्याला वरच्या खोलीत कोंडून ठेवले आहे. तिसऱ्या दिवशी शेजारी चौकशीला येतो. दोघे समोरासमोर बसतात, चहा होतो, बोलणे त्या बेपत्ता पाहुण्याकडे वळते, आणि त्याच वेळी निवेदकाच्या लक्षात येते की टेबलावर, दोघांच्या मधोमध, पाहुण्याचा चष्मा पडलेला आहे. शेजाऱ्याचे तिकडे अजून लक्ष गेलेले नाही. निवेदक बोलत राहतो, बोलता बोलता हाताने वर्तमानपत्र हळूहळू सरकवत नेतो आणि चष्म्यावर ठेवतो. त्याने ते ठेवले तेव्हा मी रोखून धरलेला श्वास सोडला.

तो श्वास सोडल्यावर मला माझीच भीती वाटली. जवळजवळ पानभर मी मनातल्या मनात म्हणत होते, "अहो, हात पुढे करा, तो चष्मा झाका." वरच्या खोलीत एक माणूस तीन दिवस उपाशी आहे, खालचा आवाज ऐकून तो जमिनीवर टाच आपटतो आहे, हे त्याच पानावर चार ओळी आधी लिहिलेले होते आणि मी ते वाचलेले होते. तरीही शेजाऱ्याला चष्मा दिसू नये, असे मला अगदी मनापासून वाटले.

भयकथा मी शाळेत असल्यापासून वाचत आले आहे. भुताखेतांच्या कथांनी अंगावर काटा आला, रात्री दिवा मालवायचे धाडस झाले नाही, पण ती भीती बाहेरून येणाऱ्या कशाची तरी होती आणि सकाळी उरत नसे. ही उरली आहे. तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला आहे का? अशी पुस्तके तुम्ही शेवटपर्यंत वाचता की मिटून ठेवता? आणि वाचत असाल, तर त्यांत आपल्याला नेमके काय धरून ठेवते, असे तुम्हाला वाटते?

अर्धविराम:

आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे वाटते. न. चिं. केळकरांनी साहित्याच्या आनंदाची मीमांसा करताना 'सविकल्प समाधी' अशी कल्पना मांडली होती. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णपणे विसरत नाही, या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असा तिचा थोडक्यात आशय आहे. आपण त्या पानावर त्या गृहस्थाच्या खुर्चीत बसला होता आणि श्वास सोडताना पुन्हा स्वतःच्या जागी आलात. दोन्ही जागा एकदम जाणवल्या, म्हणून हादरा बसला. केळकरांना यातून आनंद अपेक्षित होता. तोच दरवाजा भीतीकडेही उघडतो, हे अशा कादंबऱ्या वाचताना कळते.

शिवाय हा प्रसंग कसा रचला आहे तेही पाहावे. चष्मा तिथे आहे हे तीन जणांपैकी दोघांनाच माहीत आहे, निवेदकाला आणि आपल्याला. गुपित ज्याच्याबरोबर वाटून घेतले जाते त्याच्या बाजूला मन आपोआप कलते, आणि लेखकाने आपल्याला विचारल्याशिवायच त्या गुपितात सामील करून घेतले आहे. मग तो वेळ लांबवतो. हात, वर्तमानपत्र, कडा, पुन्हा हात. एखादी क्रिया इतक्या बारकाईने आणि इतक्या संथपणे दाखवली की ती पुरी व्हावी असेच आपल्याला वाटू लागते, मग ती सुईत दोरा ओवण्याची असो की पुरावा लपवण्याची. त्यामुळे आपल्या मनात क्रौर्य दडलेले आहे असा निष्कर्ष या एका श्वासावरून काढू नये. आपण लक्ष देऊन वाचत होता, एवढेच त्यावरून नक्की ठरते.

मी स्वतः अशी पुस्तके शेवटपर्यंत वाचतो, मात्र एका बैठकीत वाचत नाही.

रातवा:

अर्धविराम यांचे रचनेविषयीचे म्हणणे पटले, पण 'एवढेच ठरते' हे पटले नाही. त्यात पानखूण यांना जे वाटले ते फार लवकर निस्तरले गेले आहे.

आपल्याकडे या विषयावर फार पूर्वी वाद झालेला आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय आणि बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. प्रश्न असा पडला की भय आणि किळस यांचा आस्वाद सुखाचा कसा असेल? चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात सांगितले की करुणासारख्या रसातही परमसुखच असते, दुःख असते तर कुणी तिकडे वळलेच नसते, आणि याला सहृदयांचा, म्हणजे जाणत्या रसिकांचा, अनुभव हेच प्रमाण. परंतु त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, रामचंद्र आणि गुणचंद्र या दोन जैन पंडितांनी नाट्यदर्पणात स्पष्टपणे लिहिले होते की सगळे रस सुखाचे नसतात. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे दुःखात्मकच आहेत. प्रेक्षक तरीही येतो, कारण कवीचे आणि नटाचे कौशल्य त्याला मोहवते. मी या दोघांच्या बाजूची आहे. जे दुखते ते दुखते, आणि ते उत्तम लिहिलेले असल्यामुळे सुखाचे होत नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी अनेक रात्री त्यांच्या उशाशी बसून काढल्या. त्यांच्या दोन श्वासांमधले अंतर मी मनात आकडे म्हणत मोजत असे. चार, पाच, कधी सात. पुढे वर्षभराने एक गूढकथांचा संग्रह हाती आला. त्यातील एका कथेत खोलीत काळोख आहे, पलंगावर कोण आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि निवेदिका फक्त श्वासांमधले अंतर मोजते आहे. ज्याने ते लिहिले त्याला ते ठाऊक होते, यात मला शंका नाही. मी सातपर्यंत आले आणि पुस्तक मिटले. नुसते मिटून भागले नाही; त्याची कडाही दिसू नये म्हणून कपाटात ते उलट बाजूने, पाने बाहेर येतील असे ठेवले. आजही ते तसेच आहे. ती कथा वाईट आहे असे मी कधी म्हणणार नाही, माझ्या वाचनात आलेल्या चांगल्या कथांपैकी ती असावी, आणि तरीही मी ती पुरी करणार नाही. पुस्तक अर्धवट सोडणे हाही त्या लेखनाला दिलेला पुरा प्रतिसाद असू शकतो, त्यात वाचकाचा कमकुवतपणा शोधू नये.

म्हणून पानखूण, श्वास सोडल्यावर तुम्हाला जी भीती वाटली ती कुणी समजूत घातल्यामुळे सोडून देऊ नका. ती तुमची आहे.

अर्धविराम:

रातवा, आपले म्हणणे मान्य आहे. 'एवढेच' हा शब्द मी मागे घेतो.

जुनी वही:

थोडे वेगळे सांगतो. अस्वस्थ करणाऱ्या कथेला वाचक काय उत्तर देतात, याचे एक जुने आणि नोंदले गेलेले उदाहरण या चर्चेत उपयोगी पडेल. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' ही कथा जून १९४८ मध्ये 'द न्यू यॉर्कर' साप्ताहिकात छापून आली. स्वच्छ उन्हाची सकाळ, फुललेली फुले, चौकात जमणारे गावकरी, अशी तिची सुरुवात आहे. चिठ्ठ्या काढल्या जातात, काळा ठिपका असलेली चिठ्ठी एका बाईच्या हाती येते आणि सारे गाव तिला दगडांनी ठेचून मारते. जॅक्सन यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितले की त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे ३०० हून अधिक पत्रे आली, त्यांतली चांगले बोलणारी १३ होती आणि तीही बहुतेक मित्रमंडळींची. बाकीच्या पत्रांत गोंधळ, तर्कवितर्क आणि शिव्या होत्या. मात्र मला सर्वांत अधिक खटकतात ती वेगळीच पत्रे: असे सोडतीचे कार्यक्रम कुठे होतात आणि तिथे जाऊन पाहता येईल का, असे काही वाचकांनी विचारले होते.

पानखूण, तुमचा श्वास आणि ती पत्रे यांत मला मोठे अंतर दिसते. त्या पत्रलेखकांना स्वतःकडे पाहण्याची गरज वाटली नाही, तुम्हाला वाटली.

त्या कथेत शेवटाजवळ एक अगदी लहान वाक्य आहे. त्या बाईच्या धाकट्या मुलाच्या हातातही कुणीतरी थोडे खडे देते. मी ती कथा प्रथम वाचली तेव्हा हे वाक्य माझ्या नजरेखालून सरळ निघून गेले, कारण मला पुढे काय होते ते पाहण्याची घाई होती. दुसऱ्या वाचनात ते दिसले आणि मी बराच वेळ तिथेच थांबलो. तेव्हापासून ज्या काळोख्या कथा मला मोलाच्या वाटतात त्या मी दोनदा वाचतो. पहिल्या खेपेला उत्कंठा वाचत असते. दुसऱ्या खेपेला शेवट ठाऊक असतो, घाई नसते, आणि ज्याच्यावर सगळे गुदरते तो माणूस दिसायला लागतो. ज्या कथांत दुसऱ्या वाचनात असा कुणी माणूस सापडतच नाही, नुसत्या जखमाच सापडतात, त्या मी पुन्हा हातात घेत नाही. केवळ किळस आणण्यासाठी लिहिलेले आणि खरोखर अंगावर येणारे यांतला भेद मला या एकाच कसोटीने कळत आला आहे.

काठावरून:

सर्व प्रतिसाद वाचले. पानखूण, एकच विचारते. वरच्या खोलीतल्या त्या पाहुण्याचे नाव काय होते?

पानखूण:

सर्वांचे मनापासून आभार. काठावरून यांचा प्रश्न वाचला आणि मला उत्तर देता आले नाही. निवेदकाचे नाव आठवले, शेजाऱ्याच्या कुत्र्याचेसुद्धा आठवले. पाहुण्याचे आठवेना. म्हणून काल कादंबरी पुन्हा काढली आणि पहिल्या पानापासून सावकाश वाचायला घेतली.

नाव दुसऱ्याच प्रकरणात आहे, एकदाच, तो दारात उभा राहून स्वतःची ओळख करून देतो तिथे. पुढे निवेदक त्याला कायम 'पाहुणा' म्हणतो आणि मीही त्याच्याबरोबर तसेच म्हणू लागले होते. रातवा यांनी सांगितले त्याप्रमाणे ती भीती मी सोडून दिलेली नाही, उलट या वेळी ती चष्म्याच्या प्रसंगाच्या कितीतरी आधी सुरू झाली. त्याच प्रकरणात, जेवण झाल्यावर, तो निवेदकाकडे सुईदोरा मागतो. चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी सुटली आहे. दिव्याजवळ बसून, चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक करून, तो ती काडी काळ्या दोऱ्याने आवळून बांधतो, दातांनी दोरा तोडतो आणि चष्मा लावून निवेदकाकडे बघून हसतो. अर्धे पानभर हे वर्णन आहे. पहिल्या वाचनात मी ते वाचले असणारच, पण त्यातले काहीही माझ्याजवळ राहिले नव्हते.

मग चष्म्याच्या प्रसंगाशी आले. तिथेही दोरा आहे. वर्तमानपत्राची कडा त्याच्या गाठीला किंचित अडकते, निवेदक बोटाने ती सोडवतो आणि मग कागद पुढे सरकवतो. ज्या ओळीवर मी श्वास सोडला होता, तिच्या लगेच आधीची ही ओळ आहे.