प्रांताला देशातून बाहेर पडण्याचा कायदेशीर मार्ग असावा का?

खाडीकाठ (वेंगुर्ले)

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात संघराज्य या विषयावर व्याख्यान झाले. शेवटी एका तरुणाने विचारले की, एखाद्या प्रांतातील बहुसंख्य लोकांना देशातून बाहेर पडायचे असेल, तर त्यांनी कायद्याने काय करावे? 'असा मार्ग कुठल्याच देशात नसतो,' असे सांगून वक्त्यांनी विषय मिटवला. ते उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

भारतापुरते उत्तर निःसंदिग्ध आहे आणि मला ते मान्य आहे. आपले संघराज्य घटकराज्यांनी आपसांत केलेल्या करारातून जन्मलेले नाही, त्यामुळे त्यातून फुटण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने तर निवडणुकीच्या उमेदवारालाही देशाची सार्वभौमता आणि अखंडता जपण्याची शपथ घेणे भाग पाडले. प्रश्न आहे तो ज्या देशांनी वेगळी वाट धरली त्यांचा, आणि त्यांत मला कॅनडाची वाट सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते.

देशातून बाहेर पडून सार्वभौम व्हावे काय, यावर कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ३० ऑक्टोबर १९९५ रोजी सार्वमत झाले. विरोधात ५०.५८ टक्के, बाजूने ४९.४२ टक्के, आणि दोहोंमधील अंतर ५४,२८८ मतांचे. देश इतक्या कड्यावर येऊन थांबल्यानंतर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. २० ऑगस्ट १९९८ रोजी न्यायालयाने मत दिले की, एकतर्फी बाहेर पडण्याचा अधिकार क्युबेकला देशाच्या घटनेनेही नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानेही नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने लोकांनी कौल दिला, तर इतर प्रांत आणि केंद्र यांना सद्भावनेने वाटाघाटीला बसणे बंधनकारक राहील. या मताचे मोठेपण त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. प्रांताला दार ढकलून बाहेर पडता येत नाही, आणि देशालाही कानांवर हात ठेवता येत नाहीत. लोकांना सनदशीर वाट दिसत असेल, तर ते बेकायदा वाटेकडे वळत नाहीत, असे माझे मत आहे.

कातळसडा (राजापूर)

सर, आपले लेखन मी नेहमी आदराने वाचतो, पण येथे मतभेद नोंदवतो. वाट दाखवली की माणसे शांत होतात हे गृहीतकच मला पटत नाही. वाट कायद्यात लिहून ठेवली की प्रत्येक अर्थसंकल्पाच्या, प्रत्येक पाणीवाटपाच्या वेळी तिचा धाक घातला जातो. क्युबेकमध्ये २० मे १९८० रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६० टक्के लोकांनी नकार दिला. पंधरा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. नकार कायमचा कधीच नसतो आणि होकार मात्र एकदाच पुरतो, हा कसला न्याय? ज्याला हरल्यावर पुन्हा खेळता येते आणि जिंकल्यावर पट उचलून नेता येतो, त्याच्याशी दुसऱ्याने का खेळावे?

स्पेनने १९७८ च्या घटनेच्या दुसऱ्याच कलमात राष्ट्राची एकता अभंग असल्याचे लिहिले. २०१७ मध्ये त्या देशातील कॅटलोनिया प्रांताने १ ऑक्टोबरला स्वातंत्र्यासाठी सार्वमत उरकले, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने ते आधीच थांबवलेले होते. पुढे १५५ वे कलम वापरून केंद्राने प्रांताचा कारभार हाती घेतला. त्या दिवशी मतदान केंद्रांवर पोलिसांनी केलेल्या बळाच्या वापराचे समर्थन मी करणार नाही. परंतु कायदा काय आहे याविषयी कोणाच्याही मनात संदिग्धता नव्हती, हे मान्य करावे लागेल.

तेरेखोलपार (बांदा)

आमच्या भागातील एक अनुभव येथे मांडावासा वाटतो. तो देशातून फुटण्याचा नव्हता, हे आधीच सांगते. पण लोकांना प्रश्न कसा विचारावा याचा धडा त्यात आहे.

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. विलीनीकरणासाठी फूल आणि विरोधासाठी दोन पाने अशी चिन्हे होती, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपण काय निवडतो ते कळत होते. विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते असलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे सरकार कौलाआधीच पायउतार झाले, जेणेकरून सत्तेचा वापर झाल्याचा आरोप राहू नये. विलीनीकरणाचा ३४,०२१ मतांनी पराभव झाला. माझे आजोबा विलीनीकरणाच्या बाजूचे. पलीकडे पेडण्यात आमची निम्मी सोयरीक. निकालानंतर ते कित्येक दिवस घरात फारसे बोलत नसत, असे आई सांगते. पण निकाल खोटा आहे असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

आता १९९५ चा क्युबेकचा प्रश्न पाहा. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवल्यानंतर, अमुक विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ रोजी झालेल्या कराराच्या चौकटीत क्युबेक सार्वभौम व्हावे काय, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. सार्वभौमही व्हायचे आणि भागीदारीही ठेवायची, यांपैकी मतदाराने नेमके कशाला होकार दिला हे कसे ठरवायचे? त्यातच ८६ हजारांहून अधिक मते बाद ठरली, म्हणजे निकालातील अंतरापेक्षा जास्त. फूल आणि दोन पाने यांतील प्रामाणिकपणा त्या प्रश्नात नव्हता, आणि न्यायालयाने 'स्पष्ट प्रश्न' ही अट का घातली ते यावरून समजते.

खाडीकाठ (वेंगुर्ले)

ताई, आपण माझ्या म्हणण्याला भक्कम आधार दिलात. न्यायालयाची हीच अट २००० मध्ये कॅनडाच्या संसदेने कायद्यात आणली. प्रांताने प्रश्न जाहीर केल्यापासून साधारणतः तीस दिवसांत तो स्पष्ट आहे की नाही हे लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने ठरवायचे, आणि मतदानानंतर बहुमत स्पष्ट आहे की नाही हेही त्यांनीच ठरवायचे.

कातळसडा (राजापूर)

याच ठिकाणी आपला मार्ग डळमळतो, सर. बहुमत स्पष्ट म्हणजे किती टक्के? त्या कायद्यात आकडा नाही. मतांचे प्रमाण, एकूण मतदारांतील वाटा आणि इतर बाबी मतदान झाल्यावर सभागृह विचारात घेणार! क्युबेकने लगेच त्याच वर्षी स्वतःचा कायदा करून अर्ध्याहून एक मत अधिक पुरेसे आहे असे सांगितले. म्हणजे उद्या ५२ टक्के कौल मिळाला तर एक बाजू म्हणणार झाले, दुसरी म्हणणार झाले नाही, आणि दोघांच्याही हाती कायद्याचा कागद असणार. याला मार्ग म्हणण्यापेक्षा भांडणाची पूर्वतयारी म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दुसरे, प्रांताच्या आत जे अल्पसंख्य आहेत त्यांचे काय? क्युबेकच्या उत्तरेकडील क्री आदिवासींनी १९९५ च्या मुख्य सार्वमताच्या काही दिवस आधी आपले स्वतंत्र मतदान घेतले आणि ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी कॅनडातच राहण्याचा कौल दिला. कॅनडा विभागता येतो, तर मग क्युबेक अविभाज्य कसा?

खाडीकाठ (वेंगुर्ले)

आकड्याविषयीचा आपला आक्षेप रास्त आहे. मूळ लेखात मी कॅनडाच्या व्यवस्थेची जी सरसकट प्रशंसा केली, तीत ही उणीव माझ्या नजरेतून सुटली होती. आकडा मतदानापूर्वीच ठरला पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंनी स्वीकारलेला असला पाहिजे. सर्बियापासून वेगळे होण्यासाठी मॉन्टेनेग्रोत २१ मे २००६ रोजी झालेल्या सार्वमतासाठी ५५ टक्क्यांची अट आधीच ठरली होती, कौल ५५.५ टक्के आला आणि तो सर्बियानेही मानला. सेंट किट्स आणि नेव्हिस या छोट्या देशाच्या घटनेत नेव्हिस बेटाला बाहेर पडण्याचा हक्कच लिहिलेला आहे, मात्र दोनतृतीयांश मतांच्या अटीवर. १९९८ मध्ये ६१.८ टक्के लोकांनी बाजूने मत दिले. एवढे मोठे बहुमत असूनही ते अपुरे पडले, आणि बेट आजही त्याच देशात आहे. अर्ध्या टक्क्याने जिंकलेला आणि पाच टक्क्यांनी हुकलेला असे दोन्ही निकाल टिकले, याचे कारण आकडा आधीपासून सर्वांना ठाऊक होता.

कातळसडा (राजापूर)

आधी ठरलेल्या आकड्यानेही कटुता राहू शकते. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी की नाही यावर १ मार्च १९७९ रोजी मतदान झाले, तेव्हा एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांनी होकार दिला पाहिजे अशी अट होती. मत देणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के बाजूने असूनही कौल फेटाळला गेला, कारण एकूण मतदारांच्या हिशेबात तो ३२.९ टक्केच भरला. ती अट लंडनच्या संसदेने घातली होती आणि तिचा सल तिकडे अनेक वर्षे राहिला.

खाडीकाठ (वेंगुर्ले)

म्हणूनच 'दोन्ही बाजूंनी स्वीकारलेला' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. त्याच स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटन आणि स्कॉटलंड या दोन्ही सरकारांनी करार केला, १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वतंत्र देश व्हावे का, असा सरळ प्रश्न विचारला गेला आणि ५५.३ टक्क्यांनी नकार दिला. पुढे २०२२ मध्ये लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, संसदेच्या संमतीशिवाय स्कॉटलंडची विधानसभा दुसरे सार्वमत घेऊ शकत नाही. तेव्हा हरल्यावर हवे तितक्या वेळा पुन्हा खेळता येते, हा आपला आक्षेप किमान तेथे लागू पडत नाही.

क्री लोकांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वाटाघाटीत सीमा, राष्ट्रीय कर्ज आणि आदिवासींचे हक्क हे विषय येतील, असे न्यायालयाने नमूद केले. पण तेथे ते लोक मागणी करणारे असतील की केवळ चर्चेचा विषय, हे त्याने ठरवून दिले नाही. माझ्या मते त्यांना त्या मेजावर स्वतंत्र जागा दिल्याशिवाय तो मार्ग न्याय्य ठरणार नाही. कातळसडा, आपण ती जागा मान्य कराल का, की तेवढ्यासाठी सगळा मार्गच नाकाराल?

कातळसडा (राजापूर)

जागा मान्य आहे, आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांची भूमी हलवता येणार नाही असेही लिहून घ्यावे लागेल. एवढे लिहिले गेले, तर बाहेर पडणाऱ्या प्रांताचा नकाशा मागणी केली तेव्हाच्या नकाशासारखा राहणार नाही. ते ज्यांना चालेल, त्यांनी सार्वमत मागावे.