जुरकॅट पेशी: थॅप्सिगार्गिननंतर कॅल्शियम परत दिलं तरी सिग्नल उठत नाही

फ्युरा३४०:
जुरकॅटमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या टी पेशी) ओराय-१ या पेशीपडद्यातल्या चॅनेलमधून येणारं कॅल्शियम मोजायचं आहे. फ्युरा-२ एएम (कॅल्शियम दाखवणारा चमकणारा डाय) २ मायक्रोमोलर, ३० मिनिटं, नंतर दोनदा धुणं. कॅल्शियमविरहित एचबीएसएस (क्षारांचं द्रावण), त्यात २ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन). पेशीतला कॅल्शियमचा साठा रिकामा करायला १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन दिल्यावर छोटा उंचवटा येतो आणि उतरतो. दहा मिनिटांनी २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड टाकलं की रेघ जेमतेम हलते. ओराय-१ रोखणाऱ्या ५ मायक्रोमोलर गॅडोलिनियमनेही काही फरक नाही. केव्ही १.३ हे पोटॅशियम चॅनेल रोखायला पॅप-१ वापरलं, तेही निष्फळ. पेशीच बिघडल्यात का?

पॅचपिपेट:
पेशी नाही, गणित बिघडलंय. २ मिलिमोलर ईजीटीए असताना २ मिलिमोलर कॅल्शियम टाकलं की जवळजवळ सगळं ईजीटीएच गिळतं. मोकळं उरतं ते दहा-पंधरा मायक्रोमोलरच्या आसपास. शिवाय ईजीटीएनं कॅल्शियम पकडताना प्रत्येकी दोन प्रोटॉन सोडले, म्हणजे पीएच खाली. ओराय-१ ला बाहेरचं आम्ल सोसत नाही, म्हणून उरलेला प्रवाहही दबतो.

पहिला उंचवटा येतोय, म्हणजे डाय आणि साठा दोन्ही ठीक आहेत. साठा भरणारा सर्का पंप बंद झाला, ईआर (तो साठा) रिकामी झाली, ते ओळखणारं प्रथिन स्टिम-१ ओराय-१ पर्यंत पोचलं असणार. ओराय-१ च्या ९१व्या आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन असलेल्या रुग्णांच्या टी पेशींचा आलेख असाच दिसतो: उंचवटा आहे, परत दिल्यावर सपाट. २००६ मध्ये याच रुग्णांवरून जनुक सापडलं. तुमच्या बाबतीत मात्र जनुकावर संशय घेण्याआधी बाटली बघा.

ईजीटीए ०.२ मिलिमोलरवर आणा. प्लेट असेल तर १५० मायक्रोलिटरवर त्याच बफरमधलं ८ मिलिमोलर कॅल्शियम ५० मायक्रोलिटर द्या. शेवटी २ मिलिमोलर होतं आणि मिसळतंही चांगलं. १ मोलर साठ्यातून टोचलं तर थेंबाजवळच्या पेशींना नको तितका दणका बसतो.

बफरबाई:
गॅडोलिनियमचं वेगळंच आहे. एचबीएसएसमध्ये फॉस्फेट आणि बायकार्बोनेट असतं, त्यांच्याशी ते अवक्षेप होऊन बसतं. उरलंसुरलं ईजीटीए धरतं. म्हणजे चॅनेलपर्यंत ते पोचतच नाही. साधं बफर घरी करा: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपिस १० मिलिमोलर, पीएच ७.४. गॅडोलिनियम कॅल्शियमसोबत द्या, आधी ईजीटीएमध्ये भिजवू नका. ओराय-१ रोखायला वापरतात त्या टू-एपीबीवर मात्र भरवसा ठेवू नका: ५० मायक्रोमोलरला दाबतं, पण ५ च्या खाली उलट वाढवतं.

फ्युरा३४०:
ईजीटीएचं लक्षातच नव्हतं. आणि पॅप-१?

पॅचपिपेट:
केव्ही १.३ कॅल्शियम आत आणत नाही. पोटॅशियम बाहेर सोडून पडद्याचं विद्युतदाब उणे ५०-६० मिलिव्होल्टजवळ टिकवतं आणि त्या ओढीनं कॅल्शियम ओराय-१ मधून आत येतं. ओराय-१ मधून काही येतच नसेल तर ओढ कमी केल्याचं कळणार कसं?

कॅल्शियम नीट आलं तरी जुरकॅट फसवतात. कॅल्शियमनं उघडणारं त्यांचं पोटॅशियम चॅनेल एसके२ आहे, माणसाच्या सक्रिय टी पेशींसारखं केसीए ३.१ नाही. एकटं केव्ही १.३ बंद केलं तर एसके२ भरपाई करतं. त्यामुळे पॅप-१ सोबत एसके२ रोखणारं अपामिन १०० नॅनोमोलर द्या. केसीए ३.१ रोखणारं ट्राम-३४ इथे बिनकामाचं. आधी एक सोपी खात्री करा: सोडियम क्लोराइडच्या जागी तेवढंच पोटॅशियम क्लोराइड घालून कॅल्शियम द्या, म्हणजे ती ओढच राहत नाही. तरीही चढ तितकाच राहिला तर औषधांवर पैसे घालवू नका.

बफरबाई:
तेव्हा डाय भरून गेलाय का तेही बघा. फ्युरा-२ चा केडी (ज्या कॅल्शियमला निम्मा डाय भरतो) दोनशे नॅनोमोलरच्या आसपास. पेशीतलं कॅल्शियम मायक्रोमोलरला पोचलं की ३४० आणि ३८० नॅनोमीटर प्रकाशाला मिळणाऱ्या चमकेचं गुणोत्तर थकतं आणि फरक दिसेनासा होतो. बाहेरचं कॅल्शियम ०.३ ते ०.५ मिलिमोलर ठेवा आणि शिखराऐवजी पहिल्या २०-३० सेकंदांचा चढ मोजा. ३४० आणि ३८० वेगवेगळे काढून पाहा: एक चढताना दुसरा उतरलाच पाहिजे. दोन्ही एकत्र घसरत असतील तर डाय गळतोय, २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड घाला. डाय खोलीच्या तापमानाला भरा, ३७ अंशांना तो पेशीतल्या कप्प्यांमध्ये (ऑर्गनेलमध्ये) जाऊन बसतो. डीएमएसओतला फ्युरा-२ एएम जुना असेल तर नवीन काढा. ओल लागली की एस्टर तुटतं आणि पेशीत शिरतच नाही.