हार्ड डिस्कची चुंबकं लावून केलेला रिबन माइक : आवाज क्षीण, गुणगुण भरपूर

प्रश्न

मंडळी, घरच्या घरी रिबन माइक (चुंबकांमध्ये ताणलेली धातूची पातळ पट्टी आवाजाने हलते आणि व्होल्टेज तयार होतो, तो माइक) बनवायचा प्रयत्न चाललाय, तीन आठवडे याच कामात आहे. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधली दोन चुंबकं आणि जुन्या पॉलिस्टायरीन कपॅसिटरमधली ॲल्युमिनियमची पट्टी वापरली. आधी स्वयंपाकघरातली फॉइल लावली होती, पण ती जाड. आवाज बोदा यायचा. पट्टी दोन कागदांत धरून नव्या ब्लेडने कापली, प्रिंटरच्या दोन दातेरी चाकांतून फिरवून चुण्या पाडल्या. साध्या श्वासानेही उडते, त्यामुळे बसवताना श्वास रोखून धरावा लागला. रुंदी ४ मिमी, लांबी ४५ मिमी. पट्टीचा व्होल्टेज वाढवायला २३० ते ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडलाय, म्हणजे पट्टी ६ व्होल्टच्या बाजूला. पट्टी कुठेही घासत नाही, तरी आवाज जेमतेम आणि गुणगुण मात्र जोरात. काय चुकतंय?

उत्तर १

चुंबकाच्या सपाट बाजूवरून होकायंत्र सरकवून बघा. मध्यावर सुई उलटी फिरेल. हार्ड डिस्कच्या चुंबकाच्या एकाच पृष्ठावर अर्ध्यात उत्तर, अर्ध्यात दक्षिण ध्रुव असतो. म्हणजे पट्टीच्या वरच्या अर्ध्यात तयार होणारा व्होल्टेज खालच्या अर्ध्यातला खोडून काढतो. मीही याच चुकीत महिनाभर घालवला. शिवाय ती चुंबकं रुंद असल्याने पट्टीपुढे बोगदा होतो आणि वरचे सूर दबतात. कापायला जाऊ नका, निओडिमियमचा भुगा पेट घेतो. जुन्या इअरफोनमधल्या चकत्या लोखंडी पट्टीवर ओळीने चिकटवा, सगळ्यांचा एकच ध्रुव वर. समोरच्या ओळीचा उलटा.

उत्तर २

गुणगुणीचं कारण बहुधा परतीची तार, म्हणजे पट्टीच्या दूरच्या टोकापासून ट्रान्सफॉर्मरकडे येणारी. पट्टी आणि तार मिळून मोठा वेटोळा होतो आणि विजेच्या तारांची ५० हर्ट्‌झची गुणगुण पकडतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर एकेक तार नेऊन टोकाशी जोडा, दोन्ही वेटोळे एकमेकांचा परिणाम मारतात. ट्रान्सफॉर्मर पॉवर सप्लायपासून दूर ठेवा. आणि ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून माइकच्या तारेतूनच येणारा वीजपुरवठा) बंदच असू द्या. वायरिंग जरा चुकलं तर पट्टी ताणून जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सुई खरंच बरोब्बर मध्यावर उलटी फिरली! काल एका बाजूला आठ अशा चकत्या लावल्या, तारा दुहेरी केल्या. रात्री खिडकीपाशी ठेवून पाऊस रेकॉर्ड केला. पत्र्यावरचा प्रत्येक थेंब वेगळा ऐकू येतोय, गुणगुण शांततेतच जाणवते. आता ट्रान्सफॉर्मरला लोखंडी डबी करायची आहे.