मदत हवी आहे: देशाच्या जमिनीचा हिशोब जुळत नाहीये

मुठाकाठची

नमस्कार मंडळी,

नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या भिंतीसाठी तक्ता करतेय. भारताची जमीन कशाकशाखाली आहे हे दाखवणारं एक मोठं वर्तुळ: शेती, जंगल, गायरान, पडीक, वस्ती-रस्ते. स्पर्धा परीक्षावाली मुलं येता-जाता बघणार, त्यामुळे आकडा चुकला तर तिथेच वर्ग भरेल.

क्षेत्रफळ सगळीकडे एकच आहे, 32,87,263 चौ.किमी., म्हणजे साधारण 32.87 कोटी हेक्टर. पुढे मात्र गोंधळ आहे. कृषी मंत्रालयाच्या तक्त्यातले सगळे रकाने मिळवले की बेरीज 30.6 कोटींच्या आसपास थांबते. मग जागतिक बँक भूभाग 29.73 कोटीच धरते. शेती एकीकडे 46 टक्के, दुसरीकडे 60. जंगलाचं तर विचारूच नका: कुठे 7.15 लाख चौ.किमी., कुठे 7.75 लाख, आणि कुठे थेट "25.17 टक्के".

1. दोन-सव्वादोन कोटी हेक्टर जातात कुठे?
2. जंगलाचा कुठला आकडा घ्यावा?
3. खडकवासला, उजनी अशी धरणं कुठल्या रकान्यात टाकायची?

फ्लेक्सवाल्याला रविवारपर्यंत फाइल द्यायची आहे. "गुगल करा" सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

झेड_ब्रिज

29.73 चं उत्तर सोपं आहे. त्यात नद्या-तलावांखालचं क्षेत्र वजा केलेलं असतं. आणि 60 टक्क्यांत नुसती पेरलेली जमीन नाही. पड, फळबागा, कायमची कुरणं सगळं "शेतजमीन" म्हणून मोजतात. वर भागायचं 29.73 ने, त्यामुळे टक्का आणखी फुगतो.

गाव_नमुना

ताई, महसूल खात्यात हयात गेली, म्हणून लिहितो.

तुम्ही बघताय तो नऊ रकान्यांचा तक्ता खालून वर येतो, गावच्या कागदांवरून. सातबारा उघडून बघा: लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं, पोटखराबा वेगळा. एखाद्या गटातला ओढा, खडक, बांधालगतची निकामी पट्टी पोटखराब्यात जाते. अशी गावागावांची बेरीज तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, राज्याला, दिल्लीला. ज्या मुलखाचे असे कागदच नाहीत तो बेरजेत येणार कसा? पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला आपला प्रदेशच सुमारे 1.2 कोटी हेक्टर भरतो. एकूण क्षेत्रफळात तो धरलेला आहे, पण तिथे आपला तलाठी जात नाही. तुमच्या तुटीतला निम्मा भाग तिथेच सापडला. उरलेल्यात जिथे पूर्ण मोजणी झालेली नाही असे भाग येतात, ईशान्येकडचे विशेषतः.

आता जंगल. 7.75 लाख म्हणजे सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन. तिच्यावर झाड असेलच असं नाही. आपल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य घ्या. चिंकारे बागडतात, पण बराचसा गवताळ माळ. 7.15 लाख हा भारतीय वन सर्वेक्षणाचा 2023 चा आकडा, उपग्रहावरून काढलेला: एक हेक्टरपेक्षा मोठा तुकडा, झाडांची सावली किमान 10 टक्के, मालक कोणी का असेना. म्हणजे कोकणातली आमराई त्यात बसते आणि चिंकाऱ्याचा माळ बाहेर राहतो! 25.17 मध्ये जंगलाबाहेरचे लहान-सहान वृक्षसमूहसुद्धा मिळवलेत. तक्त्यात यातलं काहीच घेऊ नका. आमराई तिथे एकदा जंगलात आणि एकदा बागेत, अशी दोनदा मोजली जाईल.

नऊ रकान्यांचाच तक्ता घ्या आणि भागायचं ते 30.6 ने. निव्वळ पेरा (एक रान एकदाच मोजून) साधारण 14 कोटी, वन याच तक्त्यातलं 7.2, बिगरशेती पावणेतीनच्या आसपास. बाकी पड, गायरान, खडकाळ वगैरे. 32.87 ने भागाल तर पेरा 43 टक्क्यांवर येतो आणि वर्तुळात एक रिकामी फोड राहते. ती राहू दिलीत आणि "नोंद नसलेलं क्षेत्र" लिहिलंत तर मला जास्त आवडेल. मुलं प्रश्न तरी विचारतील.

धरणं बिगरशेतीत. इमारती, रस्ते, रेल्वे आणि पाण्याखालची जमीन एकाच रकान्यात असते. त्यामुळे त्या फोडीला "शहरं" असं नाव देऊ नका, तेवढं सांभाळा.

झेड_ब्रिज

काका, _/\_. एक भर: 20 कोटींच्या वरचा एक आकडा दिसेल, तो एकूण पिकाखालच्या क्षेत्राचा. खरीप आणि रब्बी दोन्ही घेतलेलं रान त्यात दोनदा येतं. वर्तुळात तो नको.

मुठाकाठची

खूप आभार काका, आणि झेड ब्रिज तुमचेही. रिकामी फोड ठेवतेय, करड्या रंगात.

एकच उपप्रश्न. उजनीचं पाणी उतरलं की इंदापूरकडे गाळपेर करतात ना, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी? ती जमीन पाण्याखालची धरायची की पेरलेली?

गाव_नमुना

आता कसं! यावर आमच्या ऑफिसात चहा गार व्हायचा. इंदापूर-करमाळ्याकडचं कोणी इथे असेल तर त्यांनी लिहावं, तुमच्याकडे गाळपेरीची नोंद कशी घेतात?